पडद्यामागून पाहिलेलं साल

परवा पारावर आमच्या शाळेच्या मास्तरानं पेपर वाचून दाखवला. त्यात कुणी मोठ्या माणसानं लिहिलं होतं की अमुक एक साल म्हणजे आपल्या सिनेमाचं सोन्याचं साल. त्या सालात मुंबई, पुणे, कलकत्त्याच्या कंपन्यांनी असे काही नवे सिनेमे काढले की तसं साल पुन्हा आलं नाही. वाचून झाल्यावर मास्तरानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या जवानीतलं साल हे. पण तुमाला काय ठावं असणार म्हणा. तुमी मेंढ्यांमागं."

मास्तर पगारी माणूस. पेपरात आलं तेवढंच जगात घडलं, असं त्याला वाटतं. पण घरी आलो आणि ठरवलं, हे लिहून काढायचं. माझ्या दोन इयत्ता झाल्या, त्याही निजामाच्या राज्यात, उर्दूत. मराठी नीट वाचायला मी पुढं बाजारातल्या पाट्या पाहून आपला आपण शिकलो. तेव्हा कुठं काना-मात्रा चुकला असेल तर मास्तरानं खुशाल दुरुस्त करावा. मजकुराला हात लावू नये.

तर त्या सोन्याच्या सालातले सिनेमे मी पाहिलेत. सगळे नाही, सहा-सात. आणि पेपरात लिहिणाऱ्यानं जन्मात पाहिले नसतील अशा बाजूनं पाहिलेत.

आधी 'नवीन' म्हणजे काय ते सांगतो. मुंबईत शुक्रवारी लागला की सिनेमा नवीन. आमच्याकडं तो शुक्रवार यायला तीन-चार वर्षं लागायची. आधी तो मुंबईत जुना होणार, मग पुण्यात, मग हैदराबादेत, मग परभणीत. तिथून पत्र्याच्या डब्यात बसून हिंगोलीच्या टेशनावर उतरणार आणि बैलगाडीतून औंढ्याला येणार. दर मुक्कामाला तुटायचा, आणि जोडणारा जोडताना थोडा कापून टाकायचा. आमच्यापर्यंत पोचेस्तवर त्यातली नायिका तिकडं आईची कामं करायला लागलेली असायची. तरी दवंडीवाला गाडीत उभा राहून ओरडायचा, "नवाकोरा खेळ, आजच आला." त्याला खोटं तरी कसं म्हणावं. आजच आला होता.

औंढ्याला नागनाथाच्या जत्रेत तंबूचा सिनेमा दर सालीच यायचा, आठ-पंधरा दिवस राहून जायचा. ते सोन्याच्या सालातले सिनेमे आमच्याकडं पोचले त्या साली मात्र तंबूवाल्यानं दिवाळीनंतरच बाजारामागच्या पडीक रानात खुंट्या ठोकल्या आणि पावसाळा तोंडावर येईस्तवर तो हललाच नाही. हिंगोलीत त्याचं कुणाशी तरी वाकडं आलं होतं म्हणे. आमचं त्यात काही वाईट झालं नाही. रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या दोन-तीन सालं आधीची ही गोष्ट.

तंबूच्या मधोमध पांढऱ्या कापडाचा पडदा टांगलेला. पडद्याच्या एका अंगाला मशीन. मशीनच्या अंगाला खुर्च्या आणि बाकडी. तिथं बसणार मालकलोक, पाटील, तहसिलीतले कारकून, पेठेतले दुकानदार. पडद्याच्या दुसऱ्या अंगाला खाली माती आणि मातीवर आम्ही. खेळ सुरू व्हायच्या आधी एक गडी पडद्यावर बादल्यांनी पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र आरपार उमटतं, मग दोन्हीकडच्यांना दिसतं. खुर्चीला रोख पैसे लागायचे. मातीला शेरभर जोंधळा दिला तरी चालायचा. आता, एका बाजूनं पाहणं आणि दुसऱ्या बाजूनं पाहणं यात काही फरक असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. भाकरीलाही दोन बाजू असतात. कुठूनही खा, भाकरीच.

सुरुवातीला नावं यायची. मला ती अक्षरं उजवीकडून डावीकडं चाललेली दिसायची. मराठी अक्षरं तेव्हा मला ओळखीपुरतीच येत होती, आणि शाळेत शिकलेली उर्दू तर उजवीकडूनच लिहितात. मला वाटलं, सरकारचा हुकूम झाला असेल, हिंदी-मराठीही आता उजवीकडून लिहायची. सरकारनं त्याहून येडे हुकूम काढलेले होते. म्हणून मी कुणाला काही विचारलं नाही. विचारणं मला तेव्हाही आवडत नव्हतं, आताही आवडत नाही.

आमचं गाव औंढ्यापासून दोन कोसांवर. आम्ही मेंढ्या-शेळ्या वळणारी माणसं, जोडीला थोडं रान. सगळं गाव उठून सिनेमाला गेलं तर मेंढ्या कुणी राखायच्या, लांडग्यानं? म्हणून रीत पडली होती. नवा सिनेमा आला की घरोघरची ओंजळ-ओंजळ ज्वारी गोळा करायची, ती देऊन एका माणसाला पाठवायचं, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी तो सिनेमा सगळ्यांना सांगायचा. आसपासच्या गावांतही हेच चालायचं. असल्या माणसाला सांग्या म्हणायचे. आमच्या गावचा सांग्या मी. सिनेमातलं हिंदी मला कळतं, असं गावाला वाटायचं. मलाही वाटायचं.

दुपारी मेंढ्या विहिरीजवळच्या चिंचेखाली रवंथ करत बसल्या की लोक जमायचे. बाप्ये लोकर कातत बसायचे, बाया भाकरीची टोपली घेऊन आलेल्या तशाच टेकायच्या, आणि मी सांगायचो. रीत अशी की सांग्यानं पाहिलं तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. घातलं आणि दुसऱ्या गावच्या सांग्याशी मेळ बसला नाही, तर पुढच्या खेपेला दुसरा माणूस जाणार.

सोन्याच्या सालातला पहिला सिनेमा संताचा निघाला. संत दोन तास रडला. बायको म्हणे घरात दाणा नाही, तो म्हणे देव आहे. शेवटी देव स्वतः पोतं घेऊन दारात आला. माझ्या आत्यानं विचारलं, "देवानं बियाणं आणलं का खायाचं?"

"ते दाखवलं न्हाई, आत्या."

"मंग काय पाह्यलंस तू? आमची ज्वारी गेली की फुकट."

दुसरा तलवारीचा. त्यात एक गडी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून वाड्याच्या भिंतीवरून उड्या मारायचा. पट्टी बांधली की त्याला कुणी ओळखायचं नाही, सख्खी मायसुद्धा नाही. चिंचेखाली हे सांगितलं तर सगळे हसले. आमच्या शेळीचं करडू शंभरात सोडलं तरी ती वासावरून ओळखते, आणि राजघराण्यातली माय बोटभर पट्टीला फसते. त्या सिनेमात सगळे तलवार डाव्या हातात धरत होते, तेही मी सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "राजेलोकाचं तसंच असतं. उजवा हात ढालीला ठिवतात." पटलं सगळ्यांना.

तिसरा शहरातला. नवरा बॅरिस्टर आणि दारुडा, बायको बागेत गाणी म्हणते. अख्ख्या सिनेमात त्या बागेला कुणी पाणी घातलेलं मी पाहिलं नाही.

चौथा तर कहर. नवीन म्हणून दवंडी दिली आणि निघाला तो पहिलाच संत. त्यातही मशीनवाल्याची डब्यांची गफलत झाली. संताच्या बायकोनं दार उघडलं आणि देवाच्या जागी काळी पट्टीवाला आत शिरला. मी रीतीप्रमाणं पाहिलं तसं सांगितलं. आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. बाया म्हणायच्या, रडणाऱ्या नवऱ्यापरीस हा बरा.

आता माझ्या बहिणीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

माझी धाकटी बहीण डावरी. जन्मापासून तिचं सगळं डाव्या हातानं. शेळ्यांची धार डाव्या हातानं काढायची, आणि शेळ्यांना तीच सवय. गोफण डाव्या हातानं फिरवायची. एकदा लांडग्याच्या कानशिलात असा धोंडा बसवला की तो परत आमच्या शिवारात आला नाही. पण लांडगा कुणाला सून म्हणून नेत नाही. पाहुणे पोरगी पाहायला येतात आणि ती वाढते कशी ते पाहतात. डाव्या हातानं वाढणं म्हणजे जेवणाऱ्याचा अपमान. मायनं लहानपणी कैक दिवस तिचा डावा हात चिंधीनं कमरेला बांधून ठेवला. हात सोडला की गाडी पुन्हा डाव्या चाकोरीत.

दोन सोयरिकी त्यापायी मोडल्या होत्या. पुसेगावचे पाहुणे तर पहिल्या भाकरीलाच हात धुऊन उठले. त्यावर मामानं एक बिजवर शोधून ठेवला, कळमनुरीकडचा. तीन लेकरं, मोठी लेक माझ्या बहिणीच्या वयाची. मायनं मामाला शब्द दिला, हट्टा गावचे पाहुणे यायचेत, तेवढं एक पाहू. हट्ट्याचं मोडलं की पोरगी बिजवराला. बहिणीनं हे ऐकलं आणि उठून शेळ्यांना पाला टाकायला गेली. त्या दिवशी तिनं एवढा पाला टाकला की शेळ्यांना तीन दिवस पुरला.

त्याच पंधरवड्यात पाचवा सिनेमा लागला. राजा-राणीला सावत्र आईनं वनात धाडलेलं. राजा दिवसभर लाकडं फोडतो, म्हणजे एक लाकूड फोडतो आणि गाणं म्हणतो. एक दिवस रागीट ऋषी न सांगता जेवायला येतो. कुणी शिंकलं तरी शाप देणारा माणूस. घरात मूठभर तांदूळ. राणी ते शिजवते, पळी घेते आणि त्याला वाढते.

डाव्या हातानं वाढते.

मी मातीवरून उठून उभा राहिलो. मागच्यांनी धोतर ओढून खाली बसवलं. ऋषी आता राणीला जाळून टाकणार, असं वाटलं. ऋषी जेवला, ढेकर दिला आणि हात वर करून म्हणाला, तुझं राज्य तुला परत मिळेल. आणि मिळालं.

ऋषी स्वतः कोणत्या हातानं जेवला तेही मी पाहिलं होतं. तोही डाव्याच. ते मी चिंचेखाली सांगितलं नाही. पदरचं घालू नये ही रीत, पण पदरात ठेवू नये असं कुठं कुणी म्हटलं आहे?

दुसऱ्या दिवशी मी तो सिनेमा असा सांगितला की तसा पुन्हा कधी सांगितला नाही. पळीपाशी आलो तेव्हा थांबलो, सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणालो, "राणीनं पळी घेतली. कोणत्या हातात घेतली असंल?"

मग मीच सांगितलं.

"डाव्या. अन् ऋषी पोटभर जेवला, अन् आशीर्वाद देऊन गेला."

लोकर कातणारे हात थांबले. आत्या माझ्या मायकडं वळून म्हणाली, "ऐकलंस का वं? अन् तू पोरीचा हात बांधती." मायनं डोळ्याला पदर लावला. बहीण माझ्या मागंच बसली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, राणीला राजा आधीच भेटला व्हता. वाढायची पाळी मागून आली."

मी म्हणालो, "तुलाबी भेटंल."

बात गावभर झाली आणि संध्याकाळच्या आत मालकांपर्यंत गेली. मालक म्हणजे ज्यांच्याकडं आमच्या गावचं निम्मं शिवार होतं ते. त्यांनीही तो खेळ पाहिला होता, खुर्चीवर बसून. पारावर मला बोलावून म्हणाले, "काय रे, काय सांगत सुटलास? राणीनं उजव्या हातानं वाढलं."

"डाव्या, मालक."

"म्या खुर्चीवर व्हतो."

"खुर्चीवर झोप लागती, मालक. मातीवर न्हाई लागत."

पार हसला. मालक हसले नाहीत. म्हणाले, "हट्ट्याचे पाव्हणे येतील तवा मीबी येतो. गावचा मोठा माणूस म्हणून बसाया नगं का? मंग पाहू तुझी राणी."

आता माझ्यापुरती ही गोष्ट सांग्याच्या मानाची झाली होती आणि बहिणीपुरती जन्माची. मी मात्र बेफिकीर होतो. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं निघेल? तरी पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी मेंढरांचं मीठ आणायला औंढ्याला गेलो आणि म्हटलं, मशीनवाल्याचीच साक्ष काढू. मालकांचं तोंड कायमचं बंद.

दिवसा तंबू म्हणजे उकिरडाच. मशीनवाला खोक्यावर बसून चहा पीत होता. हैदराबादचा माणूस, बोटं तेलानं काळी. मी त्याला विचारलं, राणी कोणत्या हातानं वाढते.

त्यानं बशी खाली ठेवली. "पिछाडी बैठा था क्या रे तू?"

"व्हय. का?"

त्यानं डब्यातून सिनेमाच्या तुटलेल्या फिल्मपट्टीचा एक तुकडा काढला आणि उन्हासमोर धरला. "देख." मी एक डोळा मिटून पाहिलं. नखाएवढी राणी, हातात सुईएवढी पळी. उजव्या हातात. मग त्यानं तुकडा फिरवून दुसऱ्या अंगानं धरला. तीच राणी, तीच पळी. डाव्या हातात.

"आगाडी से सीधा, पिछाडी से उलटा," तो म्हणाला. "इतना भी नहीं मालूम?"

मी तो तुकडा स्वतः धरून चार वेळा फिरवला. उजवा, डावा, उजवा, डावा. मग तलवारी आठवल्या, अक्षरं आठवली, सरकारचा हुकूम आठवला. चार-पाच महिने गावानं ओंजळ-ओंजळ ज्वारी गोळा करून मला पाठवलं होतं, आणि मी त्यांना अख्खं साल उलटं सांगत होतो. मशीनवाल्याला हसू आवरत नव्हतं. त्यानं मलाही चहा देऊ केला. मी घेतला नाही. मीठ घ्यायचंही विसरलो आणि घरी येऊन शिव्या खाल्ल्या.

कुणाला सांगितलं नाही. मायला काय सांगणार, की तुझ्या लेकीचा आधार म्हणजे एक ओलं फडकं? सकाळी बहीण चूल सारवत होती. तिच्याजवळ बसून एवढंच म्हणालो, "बाई, आज उजव्यानं वाढ."

तिनं वर पाहिलं. "काहून? राणी मेली का?"

मी सारवणाचं भांडं उगाच पुढं सरकवलं. तिनं माझं तोंड पाहिलं. मग म्हणाली, "बरं." मायनं चिंधी आणली, तर तिनं मुकाट हात पुढं केला. मायनं तिचा डावा हात पदराखाली कमरेला बांधला.

हट्ट्याहून तिघं आले. पोराचा बाप, पोराचा मामा आणि पोरगं. पोरगं मान खाली घालून बसलं ते उठेस्तवर तसंच. मामा बोलका, सगळ्या गोष्टीत खोट काढणारा. बाप उंच, वाळका, मोजकं बोलणारा. मालक ठरल्याप्रमाणं आले. आमच्या घरी ते जेवणार नव्हतेच. अंगणात बाजेवर घोंगडं टाकून दिलं, तिथं पाय पसरून बसले. चेहरा असा, जणू पुढच्या खुर्चीचं तिकीट काढून आलेत.

ताटं मांडली. भाकरी, येसराची आमटी, कांदा, ठेचा. बहीण वाढायला आली, उजव्या हातानं. भाकऱ्या नीट गेल्या. आमटीची पहिली पळी पोराच्या बापाला, थरथरत का होईना, गेली. दुसरी मामाकडं निघाली आणि मामाच्या मांडीवर पोचली.

मामा ओरडत उभा राहिला. बहीण पळी घेऊन तशीच उभी. मग तिनं पळी भांड्यात ठेवली, पाठ वळवली, पदराखालची चिंधी सोडली आणि ती चुलीत टाकली. पळी डाव्या हातात घेतली आणि मामाचं ताट भरलं. मग पोराचं. बापाच्या ताटात उरलेली आमटी घातली. एक थेंब इकडचा तिकडं झाला नाही.

मामा धोतर झटकत म्हणाला, "पोरगी डावरी हाय. हे आमाला कुणी सांगितलं न्हाई."

बाजेवरून मालक म्हणाले, "तिच्या भावाला इचारा की. तो गावभर सांगून राहिला, राणीबी डावरी व्हती म्हणून." आणि हसले.

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. माझ्या जिभेवर तो पट्टीचा तुकडा असल्यासारखं वाटत होतं.

पोराच्या बापानं घास तोंडाजवळ नेला होता, तो खाली ठेवला. "कोणती राणी? वनातली?"

"तीच," मालक म्हणाले.

"मंग बराबरच हाय. डाव्याच हातानं वाढती ती. जत्रेत पाह्यला आमी त्यो खेळ."

"उजव्या," मालक म्हणाले. "म्या खुर्चीवर बसून पाह्यलं."

"खुर्च्या म्हंजी मशीनच्या अंगाला ना, मालक?"

"व्हय."

"म्हंजी तुमची पाठ दिव्याकडं." पोराचा बाप सावकाश बोलत होता, मेंढीचे दात पाहून वय सांगावं तसा. "आमी मातीवर बसतो ते दिव्याकडं तोंड करून. उजेडाकडं पाठ करून बसल्यावर माणसाला काय धड दिसणार? तुमीच सांगा."

अंगणात आमच्या गावचे दहा-बारा जण जमलेले. सगळे मातीवाले. सगळ्यांच्या माना हलल्या. कुणी तरी म्हणालं, "खरं हाय. उजेडाकडं पाठ केली की कोकरूबी दिसत न्हाई." मालकांचा चेहरा तिसऱ्या सिनेमातल्या दारुड्या बॅरिस्टरसारखा झाला.

मग पोराच्या बापानं मला विचारलं, "तुमी कोणीकडं व्हता?"

"तुमच्याच अंगाला."

"काय पाह्यलं?"

मी बहिणीकडं पाहिलं. ती पळी धरून उभी होती, डाव्या हातात, आणि माझ्याकडं नाही, चुलीकडं पाहत होती. तिथं चिंधी जळत होती. त्या माणसानं मला काय पाहिलं ते विचारलं होतं. खरं काय ते विचारलं नव्हतं.

"डाव्या हातानं वाढलं," मी म्हणालो. "म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलं."

"अन् ऋषी कोणत्या हातानं जेवला?"

हे मी चिंचेखाली सांगितलं नव्हतं. म्हणजे या माणसानं तेही पाहिलं होतं, आणि त्यावर विचारही केला होता. आता खोटं बोललो तर गेलो, आणि खरं सांगितलं तर सगळं उलटं आहे हे लेकरालाही कळेल.

"डाव्याच," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं टक लावून पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसला. "बराबर," म्हणाला, "साक्ष जमली." आणि ताट पुढं सरकवून बहिणीला म्हणाला, "वाढ माये, आणखी. आमटी झाक झाली."

मामा मांडी चोळत बसला तो बसलाच. मालक उठले, घोंगड्याची घडी केली नाही, जाताना म्हणाले, "येड्यांचा बाजार." कुणी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलं नाही. गावात असं पहिल्यांदाच घडलं होतं. वैशाखात लग्न लागलं. कळमनुरीच्या बिजवराला आमच्या मामानं दुसरीकडची पोरगी पाहिली, तिचं मला वाईट वाटलं. पण तिच्या गावचा सांग्या मी नव्हतो.

त्या सालानंतर आमच्या गावात डावऱ्या लेकराचा हात कुणी बांधला नाही. बाया म्हणायच्या, राणीचं चालतं तर आपलं काहून न्हाई. मुंबई, पुणे, कलकत्त्याच्या कंपन्यांनी सोन्याच्या सालात आमच्यासाठी केलेलं काम म्हणाल तर एवढंच, आणि तेही त्यांना न कळता. पेपरात ते आलं नाही, मास्तर.

सांग्याचं काम मी पुढंही केलं. रझाकारांच्या वेळी तंबू बंद पडला तेव्हाच सुटलं. मातीवरच बसत आलो. खुर्चीचं तिकीट परवडायला लागलं तरी तिकडं गेलो नाही. चिंचेखालच्या लोकांना मी मशीनवाल्याच्या त्या फिल्मपट्टीचं कधी सांगितलं नाही, आणि आता त्यातलं कुणी उरलं नाही. मला लबाड म्हणायचं तर मास्तरालाच म्हणावं लागेल.

बहिणीनं हट्ट्याला उभा जन्म डाव्या हातानं वाढलं. सासरा मरेस्तवर तिच्याच हातचं जेवला. पुढं निजामाचं राज्य गेलं, हिंगोलीत पक्कं थेटर झालं, आणि एकदा तोच वनातल्या राणीचा सिनेमा तिथं जुना म्हणून पुन्हा लागला. बहीण सुनांना घेऊन पाहायला गेली. थेटरात पडद्यामागं भिंत, माती कुठून असणार. सगळ्यांना पुढूनच पाहावं लागतं.

त्या सालच्या पंचमीला ती माहेरी आली. जेवणं झाली, भांडी घासून झाली, मग माझ्याजवळ ओट्यावर टेकली.

"दादा, राणीचा शिनेमा पाह्यला."

मी पानाचा डबा तिच्यापुढं सरकवला.

"उजव्या हातानं वाढती ती."

"असंल," मी म्हणालो. "तू कोणत्या अंगाला बसली व्हतीस?"

ती हसली नाही. सुपारी कातरत होती, अडकित्ता डाव्या हातात. म्हणाली, "लई हळू वाढती पण. चार शितं सांडली. डाव्यानं जमत नसंल बिचारीला."